‘पण’ न म्हणता

दर मंगळवारी साडेतीनला बैठक.
मुख्याध्यापिका एदुविना बार्रिया चष्मा पुसून
चाळीस मिनिटं परिपत्रक वाचायच्या,
मग म्हणायच्या, “आता मोकळेपणानं बोला.”
मोकळेपणा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचा.
गणिताचे बेलार्मिनो टेबलाखाली वह्या तपासत.
नवी यास्ना कागदावर होड्या काढी, वल्ह्यांशिवाय.
इतिवृत्तात मात्र : सांगोपांग चर्चा झाली. सर्वानुमते.

जूनमधल्या एका मंगळवारी वादळानं वीज गेली,
परिपत्रक दिसेना.
चिलीच्या दक्षिणेला जूनमध्ये हिवाळा असतो.
सगळे उठून शाळेच्या स्वयंपाकघरात आले,
खुर्च्या पुरेनात तेव्हा बटाट्यांच्या पोत्यांवर टेकले.
चुलीवर किटली. आणि एकच तुंबा,
कडू पानांचा, एकाच नळीचा,
या बेटांवर तो हातोहात फिरतो.

एदुविनाबाई म्हणाल्या, स्वतःलाच घाई केल्यासारख्या,
“तुंबा ज्याच्या हातात, बोलणं त्याचं.
आणि किटली संपेपर्यंत कुणी ‘पण’ म्हणायचं नाही.”

त्यांच्या भाषेत ‘पण’ला ‘पेरो’ म्हणतात.
माझ्या कानाला ती मुभा वाटते :
पेरो, ज्याला जे पेरायचं ते.

प्रश्नही त्यांनी लहान केला.
‘वाचनाची गुणवत्ता’ राहू दिली बाजूला,
पिठाची पिशवी फाडून तिच्या पाठीवर कोळशानं लिहिलं :
ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही.
शाळा सुटल्यावर, होडी येईपर्यंत,
दीड तास अकरा मुलं काय करतात?

मग तुंबा निघाला.
धक्क्यावर छप्पर घालू.
छपराला घंटा. घंटेशेजारी पियानो.
(पियानो कुठून, हे कुणी विचारलं नाही.)
बेलार्मिनो म्हणाले, तासिकांचं वेळापत्रक फाडा,
भरती-ओहोटीचं लावा भिंतीवर, शाळा तशी भरवा.
यास्नाच्या हाती आला तेव्हा तिनं नुसती ऊब घेतली,
पुढे दिला. तेही चाललं.
एदुविनाबाईंच्या ओठांशी दोनदा आलं काहीतरी,
दोन्ही वेळा त्या किटलीत पाणी आहे का बघायला उठल्या.

तुंबा भरता भरता दोरालिसाच्याच हातात राहिला.
दोरालिसा स्वयंपाकीण. तिचं नाव हजेरीपटावर नसतं.
“अकरा नाहीत, माझ्याकडे सातच येतात,” ती म्हणाली,
“हात गारठतात म्हणून. उद्याचे बटाटे सोलून देतात.
सालांसाठी मी रद्दी पसरते,
तर सोलता सोलता तीच वाचतात, मोठ्यानं,
मला येत नाही ना वाचायला.
मोटारींच्या जाहिराती. कोण कुठं वारलं.
तो एलिसेओ, ज्याला तुम्ही ‘अडखळतो’ लिहिता,
तो तर शब्दकोड्यापाशी मला अडवून धरतो.
दोन हिवाळे झाले.”

चुलीत लाकूड सरकलं.
बेलार्मिनोंनी तोंड उघडलं, “पे—”
आणि मिटलं.
यास्नानं तुंबा मागून घेतला, परत,
म्हणाली, “उद्या मी पण येऊ का सोलायला?”
हा पण वेगळा. तो चालला.

पिशवीवर शेवटी एकतीस गोष्टी होत्या,
सव्वीस निव्वळ धूर.
पियानो खोडायला कुणी धजलं नाही.
पुढच्या मंगळवारी वीज होती, परिपत्रकही होतं,
बैठक स्वयंपाकघरातच भरली,
एदुविनाबाई तिथेही वीस मिनिटं बोलल्या;
मोठेपणातला पण एका दुपारीत निघत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या बेटांवर
तुंबा परत करताना ‘ग्रासियास’ म्हटलं
की त्याचा अर्थ : पुरे, मला आता नको.
त्या वादळात किटली तीनदा भरली.
होडी येऊन धक्क्याला लागली, हेरिबेर्तोनं भोंगा दिला,
मुलं गेली, पाणी वर चढलं,
आणि आभार मात्र कुणीच मानले नाहीत.