शहाण्णव

फॉर्मवर सातवा प्रश्न होता:
घरी नेण्यासाठी आणि पुढचे चोवीस तास
सोबत कोण असेल?
बाकी सगळं भरून झालं. ॲलर्जी, वजन,
आधीच्या शस्त्रक्रिया, एकही नाही.
सातव्यापुढे पेन टेकलं, एक टिंब उमटलं,
आणि ते टिंब चार दिवस तसंच राहिलं.

चार अक्कलदाढा. एक्स-रेत चारही आडव्या,
शेजारच्या दाढेला रेलून झोपलेल्या,
रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसांसारख्या.
वय त्रेचाळीस. अक्कल यायची ती आली नाही,
दाढा आल्या, त्याही वाट चुकून.
दोन वर्षांत तीन तारखा मीच पुढे ढकलल्या.
एकदा बर्फ पडला म्हणून.
पडला नव्हता.

सुईचं काही नाही.
डॉ. एझेनवांनी कागद माझ्याकडे फिरवला होता:
खालच्या दाढांजवळून एक नस जाते,
दुखावली तर ओठ, हनुवटी, जीभ
काही महिने बधिर. क्वचित कायमची.
शंभरात एखादं, म्हणाले,
आणि हसले नाहीत, ते बरं केलं.
घरी येऊन आरशासमोर तोंड उघडलं
आणि ळ म्हणून पाहिलं.
जीभ मागे वळते, टाळूला टेकते, सुटते.
या हडर्सफील्डमध्ये माझ्याशिवाय
कोणाच्या तोंडात हा ळ असेल
तर मला ते घर माहीत नाही.

फोनवर आई म्हणाली, लवंग धर.
मग म्हणाली, तुझ्या बाबांनी
गाल दाबून अख्खी नोकरी काढली.
हे तिने धीर द्यायला सांगितलं.

शेवटी मॉरीन ॲक्रॉइडचं दार वाजवलं.
नऊ वर्षं भिंतीला भिंत,
आणि बोलणं कचऱ्याच्या डब्यांपुरतं:
या आठवड्यात हिरवा, पुढच्या आठवड्यात करडा.
तिने ऐकून घेतलं, चष्मा पुसला,
विचारलं, किती वाजता?

हातात सुई. छतावर एक पिवळट डाग.
भूल देणारी बाई म्हणाली,
शंभरापासून उलटे मोजा,
तुमच्या भाषेत मोजा हवं तर.
नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
शहाण्णव,
अरे, यात शहाणं आहे की,
इतकी वर्षं म्हणतेय आणि दिसलं नाही,
हे कुणाला तरी सांगायला

चार वाजलेले. तोंडभर कापूस.
पायाशी कुणीतरी कोट मांडीवर घेऊन
शब्दकोडं सोडवत बसलेलं.

रात्री दोनला जाग आली.
मॉरीन माझ्या एकुलत्या एका खुर्चीत,
पायांवर माझीच चादर.
मी हळूच जीभ मागे वळवली.
आला. रक्ताच्या चवीचा, घोगरा, पण आला.
बाळ, म्हटलं. टाळं. काळोख. गूळ.
ती दचकून उठली, पाणी हवंय वाटलं तिला.
मी मान हलवली.
पुन्हा म्हटलं, गूळ.
तिने पाणी आणलंच.

तीन आठवडे झाले. हनुवटीवर डावीकडे
नाण्याएवढी जागा अजून माझी नाही.
चहा तिथून ओघळतो आणि मला कळत नाही.
मॉरीन समोर बसते हल्ली, शुक्रवारी.
बोलणं अजून बरंचसं डब्यांचंच.
बोलता बोलता ती स्वतःच्या हनुवटीला बोट लावते,
वाक्य न तोडता,
आणि मी माझी पुसते.
उद्या करडा, ती म्हणते.