सांधा

बोहुमीनच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
ओताकार प्रत्येक चाकावर हातोडी मारतो
आणि कान देतो.

कड कठीण पोलादाची, रुळाशी झगडायला;
पोटात मवाळ धातू, हादरे गिळायला.
एकाच तापात एकजीव केलेले.
सांधा दिसता कामा नये.

आज एक चाक बद्द वाजलं.
यंत्र म्हणालं, ठीक आहे.
साहेब म्हणाला, माल उद्या वॉर्साला जायचाय.
ओताकारने खडूने फुली मारली,
डबा उघडला,
थंड बटाटा सालासकट खाल्ला.

सकाळी चाक कापलं :
आत केसाएवढी पोकळी,
काळी.

कुणी काही बोललं नाही.
व्लास्ता नवी आहे, तिने हातोडी मागितली.
"आधी चांगली चाकं ऐक,"
तो म्हणाला,
"वर्षभर नुसती चांगली."