शेवटची सोळा पानं

पुस्तकाला कव्हर नव्हतं, म्हणून नाव सांगता येत नाही.
मालाडच्या रद्दीवाल्यानं किलोच्या भावात दिलेलं,
सत्तेचाळिसाव्या पानात कुणाचं तरी बसचं तिकीट.
उत्तरेच्या थंड समुद्रातलं एक फ्रिजियन बेट,
तिथली पंधरा वर्षांची सीत्स्के.
नाव तोंडात बसेना, मी तिला सितू म्हणायचे.
मीही पंधराचीच. माझंही बेट होतं,
निदान शूटिंगला येणारे लोक त्याला आयलंड म्हणायचे.
आम्ही नुसतं मढ.

सितूच्या बेटावर एक जुनी गोष्ट सांगत:
एक विधवा, तिचा मुलगा, एक गाय.
मुलगा बोटीवर गेला तो गेलाच.
घरातलं पीठ संपलं. मग वादळाच्या रात्री
बाईनं गाईच्या शिंगांना कंदील बांधला
आणि तिला वाळूच्या टेकड्यांवरून चालवत नेलं.
जहाजाला लांबून वाटायचं, पुढं कुणाचं तरी गलबत डोलतंय,
म्हणजे पाणी खोल आहे.
जहाज यायचं, रुतायचं, फुटायचं.
सकाळी बाई लुगडं खोचून माल गोळा करायची.
(लुगडं भाषांतरकाराचं. मला ते आवडलं होतं.)
एका सकाळी तिनं एक प्रेत उताणं केलं.

कादंबरीत पुन्हा कुणीतरी तो कंदील लावू लागतं.
सितू माग काढत काढत एका दाराशी येते,
दार उघडतं,
"मला वाटलंच होतं, तू"
इथं पुस्तक संपतं. शेवटची सोळा पानं फाटलेली.

तीन दिवस मी जेवताना गप्प.
चौथ्या दिवशी फिलूमावशीचा कंदील दिसला.
म्हणजे रोजच दिसायचा. त्या दिवशी दिसलं,
त्याची काच तीन बाजूंनी काळी रंगवलीय.

मग मी वही केली.
तिच्या खिडकीला टेरिलीनचा पडदा,
खाली खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ.
बाबा म्हणाले, त्या साली धक्क्यावर
सगळ्यांच्या मनगटाला एकाच कंपनीचं घड्याळ होतं,
आणि पुन्हा जाळं शिवू लागले.
पारूकाकी बोंबलांची डोकी उडवत बोलली:
माल उतरायचा तर कुणीतरी दिवा दाखवायचंच.
एकदा कस्टमवाले आले,
दिवा शंभर पावलं सरकला. एवढंच.
चर्चच्या आवारात एक क्रूस:
बस्त्याव, वय एकोणीस, मे १९७४.

मी हुशार होते. भयंकर हुशार.
वही काखेत मारून दार ठोठावलं.

ती सुकट निवडत होती. मी गोष्ट सांगितली, गाईसकट.
ती हसली. "शिंगाला कंदील? पोळली नसंल गो ती?"
मग मी प्रेतापाशी आले.
तिचे हात थांबले नाहीत,
फक्त कचरा सुकटीत पडू लागला आणि सुकट कचऱ्यात.
"फुडं?"
पुढची पानं नाहीत, मावशी.
"मना ठाव हाय," ती म्हणाली.
"फुडं काय बी नाय. ती जगते."

वही मी उघडली नाही.
पुढं कधीतरी फोर्टच्या फुटपाथवर अख्खी प्रत मिळाली.
घेतली. शेवटची पानं स्टेपल मारून ठेवलीत.

मावशी कंदील रोज लावायची,
समुद्राकडच्या खिडकीत नाही, रस्त्याकडच्या.
रात्री शेवटची २७१ वळायची,
आणि ती ओट्यावरून कंडक्टरला विचारायची,
"उतरला का रे कोन?"
नवा कंडक्टर असला तर नाही म्हणायचा.
जुने म्हणायचे,
उद्या, मावशी.