डावीकडची खिडकी

फोकस्टनच्या घरी, दाराच्या फटीतून पत्र पडलं.
उन्हाळ्यात ज्यांची गाडी भाड्यानं घेतली होती, त्यांचं.
फ्रान्समधला एक टोल भरायचा राहिलाय, म्हणे.
टोल सव्वातीन युरो,
आणि तो राहिलाय हे आम्हाला कळवण्याचे
पस्तीस पौंड.

तारीख, गाडीचा नंबर, वेळ दुपारी दोन वाजून सात मिनिटं.
दोन वाजून सात मिनिटांनी नाना काय करत होते
ते मला नेमकं आठवतं.
संत्रं सोलत होते.

इंग्लंडातली गाडी, स्टिअरिंग उजवीकडं.
बोगद्यापलीकडं रस्त्याची बाजू बदलते,
टोलनाका येतो डाव्या हाताला
आणि पैसे भरायचं काम
शेजारी बसलेल्याच्या गळ्यात पडतं.
शेजारी नाना.
मिरज नगरपालिकेच्या जकात नाक्यावर
एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेले.

पहिल्या नाक्यावर त्यांनी काच खाली केली,
बाही सावरली, वाकून आत बघितलं.
आत कुणी नव्हतं.
"माणूस कुठाय रे?"
मागून हॉर्न.
"नाना, नाणी त्या तोंडात टाका."
त्यांनी मोजून टाकली, यंत्राला ऐकू जाईल अशी,
एक, तीन, साडेतीन,
आणि हात तसाच बाहेर ठेवला.
दांडा वर गेलेला. मी क्लच सोडत होतो.
"थांब. पावती घेतल्याशिवाय नाका सोडायचा नसतो."

बेल्जियमनं काहीच मागितलं नाही
तर तासभर अस्वस्थ. चुकवून तर आलो नाही ना आपण?
स्विस हद्दीवर काचेला लावायचं स्टिकर घेतलं.
चाळीस फ्रँक, अख्ख्या वर्षाचे,
आम्हाला हवी होती एक दुपार.
नानांनीच चिकटवलं, तिरपं,
अंगठ्याखाली एक सुरकुती राहिली.
"वर्षाचं घेतलंय तर परत येऊ की," म्हणाले.

आणि मग तो रस्ता, ज्याला नाकाच नव्हता.
वर नुसती कमान, कमानीला डोळे.
नानांनी फोड माझ्या तोंडापुढं धरली,
बिया काढून.
आम्ही खालून गेलो असणार.

मिरजेला फोन लावला.
"नाका नाही, आणि जकात आहे?"
हसले, खोकले. मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
"एकदा रात्री अडीचला एक बाई आली होती, सायकलवर.
कॅरिअरला शिलाई मशीन बांधलेलं, वर लुगडं टाकून.
मी मान वर केलीच नाही.
वही ओढली आणि बेरीज तपासत बसलो.
गेली ती.
सकाळी एक रुपया ऐंशी पैसे मीच भरले,
पावती फाडली."
"कुणाच्या नावानं?"
"नाव कुठं माहीत होतं? लिहिलं, सायकल."
मग म्हणाले, "तू भरून टाक. आणि ते हे..."
"पाठवतो, नाना."

भरले. छापून पाठवलीही.
तारेत ओवली असेल त्यांनी, बाकीच्यांवर.

गेल्या शनिवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये
तीच गाडी दिसली. राखाडी. नंबर आता पाठच झालाय.
एक तरुण मुलगी डिकीत मातीची पोती भरत होती,
आणि काचेवर, कोपऱ्यात, कुणी खरवडलंच नव्हतं,
तिरपं स्टिकर,
अंगठ्याएवढ्या सुरकुतीसकट.

मी ट्रॉली धरून उभा राहिलो जरा जास्तच.
"काही हवंय का?" तिनं विचारलं.
सांगणार होतो की बाई,
येत्या जानेवारीच्या शेवटापर्यंत
तुमचं स्वित्झर्लंड भरलेलं आहे,
कधीही जा, कुणी अडवणार नाही,
एका माणसानं
पण मागून कुणीतरी हॉर्न दिला
आणि मी बाजूला झालो.