नारळावरचा हात

त्या रात्री गावदेवीच्या मंडपात
ट्यूबलाइटभोवती किडे होते
आणि खाली आम्ही, सत्तर-ऐंशी माणसं.
पाम बीच रोडवरच्या गाड्या
भरतीसारख्या एकसुरात घोंघावत होत्या.
मधोमध पाट, पाटावर नारळ, नारळाला हळदकुंकू.
पंच म्हणाले, एकेकाने यायचं, हात ठेवायचा,
कुणी काही बघितलेलं नाही
एवढंच बोलायचं.

काय बघितलं नव्हतं ते सांगतो.
सुखदेव ओरांव, वय एकोणीस, झारखंडचा.
समोरच्या टॉवरला परांची बांधायचा.
तांब्याची वायर चोरली म्हणून आमच्या पोरांनी त्याला
तलावाच्या पायऱ्यांवर
तो पाणी मागायचा थांबेपर्यंत.
चौघांत माझा धाकटा होता.
वायर आठवड्याने सापडली,
वॉचमनच्या खाटेखाली, जशीच्या तशी गुंडाळलेली.

मी गेलो. हात ठेवला.
नारळ थंड होता, शेंडी ओली.
परत जागेवर बसलो तेव्हा
काहीतरी देवीचंच केल्यासारखं वाटलं.
तेही सांगतो.

मग पोसूआत्या उठली.
तलावाला लागून तिची ओटी.
त्याच ओटीवर तो पोरगा मोबाइल चार्जिंगला लावायचा
आणि लाइट गेली की
तिच्या कोलीमच्या टोपल्या उचलू लागायचा.
माझ्या धाकट्याच्या बारशाला पाळण्याची दोरी हिच्याच हातात होती.
नारळापर्यंत आली, वाकली,
वाटलं ठेवला.
तिने नारळाचं कुंकू बोटाला घेतलं, कपाळी लावलं
आणि सरळ उभी राहिली.
"देवीचे डोले उघरे हान.
मी माजे कशी मिटू?"

कुणीतरी ओरडलं, म्हातारीला देवापेक्षा भैया मोठा झाला.
ती म्हणाली, "दोन नाय माजे देव,
लहान-मोठा कराला."
मग पदर सावरून एकटी घरी गेली.
तिच्या पाठीमागे कुत्रंसुद्धा गेलं नाही.

बेलापूरच्या कोर्टात
पिंजऱ्यात चढण्याआधी तिने चपला काढल्या.
शिपाई हसला, आजी, हे देऊळ नाही.
"मंग शपत कोनाची घेताव?"
कोर्ट थोडं खाकरलं.
ती कापत होती, मी बघितलं,
कठड्यावरच्या बांगड्या आपोआप वाजत होत्या.
दोनदा तिने पाणी मागितलं
आणि दुसऱ्यांदा पेला नुसता धरून ठेवला, प्यायली नाही.
चार नावं घेतली. माझ्या भावाचं तिसरं.
ते घेताना तिने माझ्याकडे बघितलं नाही,
किंवा बघितलं असेल,
मी तेव्हा वकिलाच्या बुटांकडे बघत होतो.

त्यानंतर तिच्या ओटीवर हळदीकुंकवाला कुणी गेलं नाही.
मासळी बाजारात तिच्या पाट्याशेजारची जागा रिकामी.
आमच्या घरात तिचं नाव निघालं
की आई भांडी जोरात घासते.
तरी रोज संध्याकाळी तिच्या उंबऱ्यावर दिवा असतो.
मी जिमवरून येताना बघतो.
भिंतीला, प्लगमध्ये, अजून त्या पोराचा काळा चार्जर आहे.
एकदा धीर करून विचारलं, काढत का नाहीस?
म्हणाली, "आयशीला पाठवाचाय. पत्ता लिवून दे."
मी उद्या म्हणालो.

यंदाच्या जत्रेला ठरलं,
पालखी तिच्या दारात थांबणार नाही.
मी पुढच्या दांडीला होतो, उजवा खांदा.
बेंजो, गुलाल, ड्रोन उडवणारा एक भाचा.
ती उंबऱ्यात उभी, हातात ताट,
निरांजनाला दुसऱ्या हाताचा आडोसा.
आम्ही वेग वाढवला.
तिने तिथूनच ओवाळलं,
इतकं सावकाश, जणू पालखी उभीच आहे.

माझा पाय अडखळला. दांडी कलली.
देवीचा चांदीचा मुखवटा
क्षणभर तिच्या दाराकडे वळला.
गर्दी ओरडली, डोलली! आई डोलली!
बायकांच्या अंगात आलं, नारळ फुटले,
लोक माझ्या पाया पडले.

मी कुणालाच सांगितलं नाही
की तो माझा पाय होता.
खरं तर मलाही नीट माहीत नाही.