पुरावा क्रमांक सात

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती,
बास्केटबॉलच्या कड्याखाली.
मी लघुलेखिका. माझं काम ऐकणं,
मत बाळगणं नव्हे.
ओझार्कच्या डोंगरांतली माणसं
लोखंडी खुर्च्यांवर दाटीनं बसली होती
आणि निम्मी निम्म्यांना पाण्यात पाहत होती.

वॉशिंग्टनहून आलेल्या साहेबांनी नकाशा उलगडला.
सायलर नदी, उगमापासून जुन्या गिरणीच्या पुलापर्यंत,
एकेचाळीस मैल, दोन्ही तीर धरून.
ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात;
कायद्याला आधी तेच लागतं.
कुठून, कुठवर, किती फूट, कुणाच्या नावावर.

व्हर्लिन स्टबलफील्ड उठला.
होड्या बांधायचा तो, आयुष्यभर; बोटांच्या पेरांत डांबर.
त्यानं टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली.
"यात काय आहे?" अध्यक्षांनी चष्मा वर केला.
"काही नाही," तो म्हणाला, "तेच दाखवायला आणलंय.
शेजारच्या खोऱ्यात, धरणाखालचं पाणी आणलं असतं,
तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं."
कुणीतरी हसलं. मग तो टोपी चुरगळत एवढंच बोलला,
"राहू द्या तिला."
मी टंकलं:
पुरावा क्रमांक सात. एक बरणी. पाणी.

मग ओझेला मॉपिन.
पर्स मांडीवरून काढली नाही, उभीही राहिली नाही.
"माझ्या छपराचा पत्रा लाल आहे.
होडीतून येणाऱ्याला वळणावर तो पहिल्यांदा दिसतो.
तुमच्या मसुद्यात लिहिलंय,
पाण्यावरून दिसेल असं काही नको.
त्या छपराखाली माझी तीन मुलं जन्मली,
एक मागच्या उतारावर पुरलंय.
धरण आलं तर घर बुडणार,
कायदा आला तर घर लपणार.
दोन्हीकडून मीच दिसेनाशी व्हायची ना?"

कुणाला टाळी वाजवावी हे कळेना.
मी 'शांतता' असं टंकलं,
आणि नियमात बसत नाही म्हणून खोडलं.

कायदा झाला. तिसऱ्या वर्षी, पानगळीत.
'सदर नदी मुक्तपणे वाहती राहील.'
चांगलं वाक्य आहे. मी ते पुष्कळदा वाचलंय.
धरणाचे खांब ठोकायला आलेली यंत्रं
ट्रकवर चढून परत गेली,
आणि व्हर्लिननं त्या रात्री, म्हणे, कुणाशी न बोलता
नवी होडी पाण्यात सोडली.
साऱ्या चारशे पानांत 'तिला' हा शब्द एकदाच आहे,
तोही माझ्या टंकनातला, त्याच्या तोंडचा.

निवृत्तीच्या कागदांसाठी मी दप्तरखान्यात गेले
तेव्हा बरणी तिथंच होती, चिठ्ठीसकट.
झाकणाखाली पाण्याचा थेंब नाही.
आत, गळ्याच्या जरा खाली,
चुनखडीचं एक पांढरं वर्तुळ.
नदी निघून गेली होती,
तिची पातळी तेवढी राहिली होती.
कारकून म्हणाला, बाई, हे फेकायचं का?
मी म्हटलं, तुम्हाला तसा अधिकार आहे का ते आधी बघा.

मागच्या जूनमध्ये व्हर्लिनच्या भाच्यानं
मला होडीतून नेलं. मीच मागे लागले होते.
पाणी एवढं नितळ, की मासे हवेत थांबल्यासारखे,
आणि त्यांच्या सावल्या खाली, वेगळ्या, गोट्यांवर.
सिकॅमोरच्या फांदीवरून खंड्या सुटला, निळा.
मैलभर कुणी बोललं नाही.
मग मी विचारलं, मॉपिनबाईंचं वळण कधी येणार?
त्यानं वल्हं गुडघ्यावर ठेवलं.
"आत्ताच गेलं की."

मी मागे वळून पाहिलं.
तपकिरी, हिरवं, तपकिरी. नुसती झाडी.
शब्दन्‌शब्द पाळला होता बाईनं.
फक्त शेंड्यांच्या वर
चुलीच्या धुराची एक बारीक रेघ,
सरळ, बिनवाऱ्याची.
धुराबद्दल कलमात काही नव्हतं.