घट

जळगावात पप्पांची गलाईची भट्टी विझली
आणि आम्ही टेम्पोतून विट्याला परतलो :
मुशी, चिमटे, तराजू,
आणि प्लॅस्टिकच्या फाइलीत माझी दोन सत्रं.

कॉलेजच्या खिडकीत मुलाणी भाऊसाहेब
गुणपत्रकावर पट्टी ठेवून
एकेक ओळ खाली सरकवतात.
'पर्यावरण, दोन क्रेडिट. चालतंय.
मराठी चालतंय. संगणक... बरं, चालतंय.
आणि हे काय? केळी प्रक्रिया?
हे आपल्याकडं नाही, बाई.'

सावद्याला नेलं होतं आम्हाला मॅडमनी.
घड उतरवताना चीक उडाला,
ओढणीवर काळा डाग पडला तो पडलाच.
रिठा झाला, लिंबू झालं.
ती ओढणी आत्ता माझ्या गळ्यात आहे,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

बाकावरून पप्पा विचारतात,
'घट किती?'
भाऊसाहेब पहिल्यांदाच मान वर करतात.
'चव्वेचाळीसातले दोन.'
'मग ठीक. आगीतून काढलं की
एवढं जातंच,' पप्पा म्हणतात,
आणि सवयीनं हाताचे तळवे
कागदावर झटकतात,
चुकून कण राहिला असेल तर.

मी सही करते.
ओढणी डाग वर येईल अशी घेते.